चाळीतले चाळे : कुत्र्याचा कोणता वेडेपणा हसण्यावारी न्यावा?

मे महिन्यातला रविवार होता. गॅलरीत शेजारच्या मावशींनी मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. लालबागच्या मिरची गल्लीतून आणलेली तीन किलो बेडगी, देठं खुडून, जुन्या चादरीवर पसरलेली. आत मोरीत आमच्या बोक्याची आंघोळ चालली होती. बोका हा कुत्रा आहे. पिल्लू असताना खिडकीच्या कट्ट्यावर चढून मांजरासारखा रस्ता बघत बसायचा, म्हणून चाळीतल्या पोरांनी हे नाव ठेवलं आणि तेच राहिलं.

शेवटचा तांब्या अंगावर पडला आणि टॉवेल उघडायच्या आत तो हातातून निसटला. त्याच्या अंगात आलं होतं. कान मागे, कंबर जमिनीला टेकलेली, शेपूट पोटाखाली. खाटेखालून पलीकडे, फ्रिजला वळसा, उंबऱ्यावरून थेट गॅलरी. मिरच्यांवरून एकदा गेला, टोकाला वळला, परत आला आणि बरोबर चादरीच्या मधोमध पाठीवर पडून लोळला. मग शिंका सुरू झाल्या. मजल्यावरच्या पोरांनी मोजल्या, सतरा. मावशी आधी ओरडल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आम्हीही हसलो, पण पाचच सेकंद. कारण तिखट माखलेल्या पंजाने तो आता डोळे चोळणार होता. उचलला आणि परत मोरीत नेला.

त्या एका मिनिटात तीन गोष्टी झाल्या होत्या. ओल्या अंगाने धावणं ही निखळ गंमत. दार उघडं राहिलं ही आमची चूक, आणि तिच्यावर पोट धरून हसलो असतो तर पुढच्या रविवारी हाच खेळ पुन्हा रंगला असता. डोळ्यांत तिखट जाणं हे मात्र दुखणं. कुत्र्याच्या सगळ्याच चाळ्यांची अशी तीन खात्यांत विभागणी करता येते : खुशाल हसावं, हसू आवरावं, आणि हसणं सोडून डॉक्टर गाठावा. काळाचौकीत, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत किंवा अभ्युदयनगरच्या छोट्या घरात, माणसं आणि कुत्रा दिवसभर एकमेकांच्या पायांत येत असतात. तिथे ही निवड जितकी लवकर जमेल तितकं घर सुखी.

खुशाल हसा

*अंगात येणं.* कुत्रेवाल्या मंडळींत याला ‘झूमीज’ म्हणतात. आंघोळीनंतर, संध्याकाळी घरचं माणूस कामावरून आल्यावर किंवा शी करून मोकळं झाल्यावर कुत्रा अचानक सुटतो, मिनिट-दोन मिनिटं वेड्यासारखा धावतो आणि जीभ काढून आडवा होतो. साठलेला जोम बाहेर पडतो, एवढंच. पिल्लांत जास्त, वयाबरोबर कमी. तुम्ही करायचं ते इतकंच : आंघोळीला घेण्याआधी दाराला कडी, गरम पाण्याची बादली आणि इस्त्री वर, लादीवर गोणपाट किंवा रबरी चटई. गुळगुळीत लादीवर वळताना कुत्र्याचे गुडघे दुखावतात. त्याच्यामागे धावू नका, खोलीत तेवढी जागाही नसते. रोज रात्री दहाच्या ठोक्याला हा प्रयोग होत असेल, तर संध्याकाळची फेरी दहा मिनिटांनी वाढवा.

*जागा शोधत गोल फिरणं.* सकाळी सहाला शहीद भगतसिंग मैदानाच्या बाहेर पट्टा धरून उभे राहा. कुत्रा एक जागा हुंगतो, सोडतो, दुसरीकडे चार गिरक्या घेतो, तीही नापसंत करतो. तुमची लोकल चुकत असते. यावर खरोखरच संशोधन झालं आहे. झेक आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ७० कुत्र्यांच्या हजारो बैठकी होकायंत्र घेऊन नोंदवल्या आणि २०१३ साली जाहीर केलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्रे उत्तर-दक्षिण दिशा धरून बसणं पसंत करतात. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. तेव्हा तुमच्या कुत्र्याला वास्तुशास्त्र कळतं असं बिनदिक्कत सांगा. पण त्याला घाई करू नका. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठेक लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटींपर्यंत असतात असं मानलं जातं. ती फेरी म्हणजे त्याचा सकाळचा पेपर. खिशात कागद आणि पिशवी ठेवा, त्याचं आटोपलं की उचला. त्यावरून होणारी भांडणं अजिबात मजेशीर नसतात.

*मान वाकडी करून बघणं.* ‘बाहेर’ म्हटलं की बोक्याची मान पंचेचाळीस अंशांत. बुडापेस्टच्या संशोधकांना असं आढळलं, की खेळण्यांची नावं लक्षात ठेवणारे हुशार कुत्रे खेळण्याचं नाव ऐकल्यावर शंभरातल्या त्रेचाळीस वेळा मान कलती करतात, तर बाकीचे जेमतेम दोनदा. ऐकलेलं आठवणीशी जुळवून बघण्याची ती लकब असावी. याचा फायदा घ्या. एकेका वस्तूचं एकच नाव ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. आई ‘चेंडू’ म्हणते, मुलगा ‘बॉल’ आणि आजोबा ‘ते गोल’, तर मान वाकडीच राहणार.

*आपल्यामागोमाग जांभई.* २००८ साली लंडनमध्ये २९ कुत्र्यांसमोर एका अनोळखी माणसाने मुद्दाम जांभया दिल्या. २१ कुत्र्यांनी त्याला साथ दिली. नुसतं तोंड उघडून दाखवलं तेव्हा एकानेही नाही. घरी करून बघा, पोरांचा पावसाळी दुपारचा वेळ छान जातो. मात्र डॉक्टरांच्या टेबलावर किंवा कुणी रागावत असताना कुत्रा एकामागून एक जांभया देऊ लागला, तर त्याला झोप आलेली नसते, तो अवघडलेला असतो.

*आरतीला सूर लावणं.* हा खास आपल्याकडचा प्रकार. बोका आरतीभर गप्प बसतो, टाळ-झांजांकडे ढुंकून बघत नाही, पण मंत्रपुष्पांजलीचे लांब सूर सुरू झाले की तोंड वर करून त्यांच्यात सूर मिसळतो. शंखाला आणि रुग्णवाहिकेच्या भोंग्यालाही हाच प्रतिसाद. लांबलचक स्वर ऐकला की दूरच्या सोबत्याला ओ द्यावी, तसं कुत्रं हेल काढतं. ‘कुत्रं रडलं, आता कुणाचं तरी काही खरं नाही’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे हसा. फक्त सूर लावताना तो कोपऱ्यात शिरतोय का, थरथरतोय का, एवढं बघा. तसं असेल तर त्याला आवाजाचा त्रास होतोय, आरती दार लोटून करा.

हसू आवरा

या खात्यातलं पहिलं तत्त्व : तुमचं हसणं हे बक्षीस असतं. कुत्र्याला शेवेचा तुकडा जितका गोड, तितकंच घरभर पिकलेलं हसू. ज्या चाळ्यावर तीन माणसं हसली, तो चाळा तो उद्या पुन्हा करून दाखवणार. म्हणून एकच प्रश्न स्वतःला विचारा : हा आत्ता पाच किलोचा आहे, पंचवीस किलोचा झाल्यावर हेच चालेल का?

*पायमोजा पळवणं.* शाळेची बस आठला, एक मोजा कुत्र्याच्या तोंडात, सगळं घर त्याच्यामागे. त्याच्या दृष्टीने याहून झकास पकडापकडी नाही. मोज्याची त्याला काडीची किंमत नसते, तुम्ही मागे धावता याची असते. न धावता स्वयंपाकघरात जा, डबा वाजवा, उकडलेल्या अंड्याचा तुकडा दाखवा आणि मोजा खाली पडताच ‘सोड’ म्हणून तुकडा द्या. आठवडाभर हा व्यवहार केला की नुसत्या ‘सोड’वर काम भागतं. जबड्यात हात घालून ओढलंत तर तो पुढच्या वेळी मोजा गिळून टाकायला शिकेल. आतड्यात अडकलेला मोजा ऑपरेशन करून काढावा लागतो.

संत नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. नामदेवांना त्यात विठ्ठल दिसला. आपल्याला निदान एवढं दिसावं, की काहीतरी द्यायला येणाऱ्या माणसापासून कुत्रा पळून जात नाही.

*अंगावर उडी.* पिल्लाने गुडघ्याला मिठी मारली की सगळे ‘अगं बाई’ करतात. वर्षाने तेच कुत्रं जिन्यात आजीला पाडतं. उडी मारली की पाठ करा, हात बांधा, बोलू नका. ओरडणं आणि ढकलणं हे त्याला खेळातच जमा वाटतं. चारही पाय जमिनीला लागले की लगेच खाली वाकून कौतुक. पाहुण्यांनाही दारातच सांगून ठेवा, कारण शिस्त बिघडवण्यात पाहुण्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

*दूधवाल्यावर भुंकणं.* कुत्र्याचा हिशेब सरळ असतो. दूधवाला आला, मी भुंकलो, तो गेला. म्हणजे माझ्या भुंकण्यानेच गेला. कुरिअरवाला आणि सिलिंडरवाला यांच्या बाबतीतही रोज हाच पुरावा मिळतो. हा हिशेब उलटा करा. बेल वाजली की कुत्र्याला ठरलेल्या चटईवर बोलवा आणि दोन दाणे तिथेच टाका. पंधरा-वीस दिवसांत बेल म्हणजे चटई हे समीकरण बसतं. आधी ओळखीच्या माणसाला बेल वाजवायला लावून सराव करा.

*पानाजवळ केविलवाणं बसणं.* आमच्या भागात निम्मी घरं कोकणातली. बोक्याला बुधवार, शुक्रवार आणि रविवार कॅलेंडराविना कळतात. कालवणाला फोडणी पडली की तो पाटाशेजारी येऊन बसतो आणि भुवया उचलतो. २०१९ साली कुत्र्यांची आणि लांडग्यांची चेहऱ्याची ठेवण तपासणाऱ्या संशोधकांना दिसलं, की भुवईचं आतलं टोक उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित आहे, लांडग्यांत जवळपास नाहीच. माणसाबरोबर हजारो वर्षं राहून कमावलेला हा चेहरा आहे. त्याच्यापुढे तुम्ही हरणार, हे धरून चाला. म्हणून जेवायला बसण्याआधी त्याचं ताट त्याच्या कोपऱ्यात वाढा, आणि पानातलं काहीही पानाजवळ देऊ नका. माशाचे काटे आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं तर अजिबात नाहीत. कांदा-लसणाचा रस्साही नाही, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

*अपराधी चेहरा.* चप्पल कुरतडलेली, कुत्रा मान खाली घालून, डोळे चुकवत. ‘बघा, कळतंय त्याला’ म्हणत आपण फोटो काढतो. न्यूयॉर्कमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याची चाचणी घेतली. खाऊ कुत्र्याने खाल्ला की प्रयोग करणाऱ्याने गुपचूप उचलला, हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. अपराधी चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हता, रागावण्यावर होता. न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचे चेहरे सर्वांत अपराधी होते. म्हणजे तो चेहरा तुमच्या चढलेल्या आवाजाला दिलेलं उत्तर आहे. सकाळच्या चपलेवरून संध्याकाळी रागावण्यात अर्थ नाही. चपला कपाटात ठेवा आणि चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या.

*डबक्यात लोळणं.* पावसाळ्यात रेनकोट घातलेलं कुत्रं साचलेल्या पाण्यात बसकण मारतं, तेव्हा गर्दी जमते. पण गिरणगावात उंदीर-घुशी कमी नाहीत आणि त्यांच्या लघवीतून पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उतरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने ही साथ भोगली आहे. हा आजार कुत्र्यालाही होतो आणि त्याच्याकडून घरात येऊ शकतो. रेबीजच्या लशीबरोबर लेप्टोच्या लशीचं डॉक्टरांना विचारा, आणि घरी आल्यावर चारही पाय साबणाने धुवा.

हसणं सोडून डॉक्टर गाठा

मोबाइलवर लाखो लोक ज्यांवर हसतात, त्यातले काही चाळे म्हणजे दुखण्याची तक्रार असते.

बूड जमिनीवर घासत पुढे सरकणं : गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्या असतील, किंवा जंत झाले असतील. शेपटीमागे गोल फिरणं पिल्लात खेळ, पण मोठ्या कुत्र्यात रोज आणि थांबवूनही न थांबणारं असेल तर पिसवा, शेपटीचं दुखणं किंवा मनाची सवय होऊन बसलेली असू शकते. लेझरचा लाल ठिपका भिंतीवर नाचवून कुत्र्याला पळवणं याच कारणाने टाळा, हाती कधीच न लागणाऱ्या प्रकाशाचं काही कुत्र्यांना वेड लागतं. नसलेल्या माश्या हवेत पकडणं फिटचा प्रकार असू शकतो, तेव्हा त्याचा व्हिडिओ काढा, पण डॉक्टरांना दाखवायला. भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं दिसलं तर त्याच दिवशी निघा, मेंदूशी संबंधित ते गंभीर लक्षण आहे. सतत एकाच बाजूला कललेली मान आणि कान झाडणं हे बहुतेकदा कानाचं दुखणं, आपल्या दमट हवेत हमखास होणारं.

पगचं घोरणंही यातच धरा. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत छोट्या मुलामागे चालणारा पग आला आणि घरोघरी पग हवासा झाला. त्याचं घोरणं आणि फुरफुरणं गोड वाटतं, पण चपट्या नाकामुळे त्याला श्वासच पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर त्याला बाहेर काढू नका. जीभ गडद किंवा निळसर झाली, चालताना तो कोसळला, तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि टॅक्सी पकडा.

जायचं कुठे, हा प्रश्न या भागाला पडायचं कारण नाही. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे आपल्या बोलण्यातलं बैलघोडा हॉस्पिटल, हाकेच्या अंतरावर आहे. ते चालवणारी प्राणिकल्याण संस्था १८७४ सालची आणि त्याच आवारातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं. नाव बैलाघोड्याचं असलं तरी आता रांगेत कुत्री-मांजरंच जास्त. २०२४पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालं आहे. लशीचं कार्ड आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा.

पोरं, कुत्रा आणि कॅमेरा

लहान मूल कुत्र्याच्या पाठीवर बसलंय आणि घर हसतंय, असा व्हिडिओ दिसला तर मूल बघू नका, कुत्र्याचा चेहरा बघा. ओठ चाटणं, तोंड वळवणं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, अंग ताठ होणं, ही सगळी ‘बस झालं’ म्हणायची त्याची रीत. ती कुणी ऐकली नाही की तो गुरगुरतो, आणि गुरगुरण्याबद्दल मार खाल्ला की पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ या म्हणीवर तर कुणीच विसंबू नये. मुलांना तीन नियम पुरेत : जेवताना हात लावायचा नाही, झोपेत उठवायचं नाही, गळ्यात मिठी मारायची नाही, त्याऐवजी छातीवर खाजवायचं. खेळायला बोलावताना कुत्रा पुढचे पाय पसरून कंबर वर करतो. तो नमस्कार दिसला की बिनधास्त खेळा.

गणपतीचे दिवस

लालबागचा राजा १९३४पासून बसतो, आणि त्या दिवसांत आमच्या गल्ल्यांत माणसाला पाय ठेवायला जागा नसते. कुत्र्याला ढोल-ताशा आपल्यापेक्षा कितीतरी टोचतो. तो मोरीत जाऊन बादलीमागे बसला, तर फोटो काढून सगळ्यांना पाठवू नका. त्याने आपल्यापुरता आसरा शोधलाय. तिथे जुनी गोधडी टाका, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. फेऱ्या पहाटे पाचच्या आत आणि रात्री उशिरा, पट्टा दोनदा तपासून. गळपट्ट्यावर फोन नंबर लिहा, कारण फटाक्याला दचकलेलं कुत्रं पट्टा तोडून पळतं आणि गर्दीत सापडत नाही. फारच घाबरट असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. घरातल्या माणसाची झोपेची गोळी त्याला कधीही देऊ नका.

आणि प्रसाद. शिऱ्यातले बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, थोडक्याही पुरतात. चॉकलेटचे मोदक तर नकोच. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाटतं, बाप्पाचा प्रसाद, बिचाऱ्यालाही द्यावा. आम्ही दारावर पाटी लावतो : ‘बोक्याचा उपास आहे.’ उपासावर वाद घालणारा माणूस चाळीत अजून भेटलेला नाही.

त्या मिरच्यांचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. मावशींनी चादर झटकली, केस वेचले आणि कांडपाला दिल्या. पण त्या दिवसापासून आमच्या दाराला आतून वरची कडी बसली. आता मे महिना आला की मिरच्यांची पिशवी हातात घेऊन मावशी आधी आमच्या दाराशी येतात आणि विचारतात, “काय हो, बोक्याची आंघोळ उरकली, की थांबू?”